ड्रोन फवारणीतील धोके : पिंगळी परिसरातील शेतकऱ्यांनी आणि पायलटनी काय पाहावे?

परभणी तालुक्यातील पिंगळी आणि आसपासच्या गावांत खरिपात सोयाबीन, कापूस आणि तूर ही मुख्य पिके असतात. ऑगस्टमध्ये सोयाबीन गुडघ्याच्या वर गेले आणि पाऊस उघडला की सगळ्यांना एकाच वेळी फवारणी करायची असते. नेमके तेव्हा मजूर मिळत नाही, चिखलामुळे ट्रॅक्टर शेतात जात नाही आणि पाठीवरचा पंप घेऊन ओल्या पिकातून चालणे जिकिरीचे होते. भाड्याने ड्रोन बोलावण्याकडे ओढा वाढला तो याच अडचणीमुळे. दहा लिटर टाकीचा ड्रोन साधारण सात ते दहा मिनिटांत एकराची फवारणी करतो. फवारणारा माणूस विषारी तुषारात उभा राहत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे.

मात्र ड्रोनमुळे धोका संपत नाही, त्याची जागा बदलते. पंपाच्या फवारणीत धोका पंप पाठीवर घेणाऱ्याला असतो. ड्रोनच्या फवारणीत तो औषध कालवणाऱ्या मदतनिसाला, बांधापलीकडच्या शेजाऱ्याला आणि तारेखाली उभ्या असलेल्या माणसाला असतो. हे तिघेही ड्रोनवाल्याशी दर ठरवताना समोर नसतात.

यवतमाळ आणि कासरगोड

फवारणीतील विषबाधेची महाराष्ट्रातील सर्वांत मोठी घटना २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात घडली. वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर धरला की तो अंगावर, तोंडावर येत होता. उकाड्यामुळे अंगात पूर्ण कपडे नव्हते, हातमोजे आणि मास्क तर क्वचितच कोणाकडे होते. दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. त्यानंतर राज्य शासनाने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर व वापरावर ६० दिवसांची बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन, ॲसिफेट, प्रोफेनोफॉस अधिक सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनील अधिक इमिडाक्लोप्रिड यांचा समावेश होता.

ड्रोनच्या प्रसारासाठी हे उदाहरण वारंवार दिले जाते आणि ते योग्यच आहे. उंच कपाशीत माणूस न घालता फवारणी होत असेल तर यवतमाळसारखी वेळ टळू शकते. पण हवाई फवारणीचा दुसरा अनुभवही आपल्याच देशातला आहे. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात प्लँटेशन कॉर्पोरेशन ऑफ केरळच्या काजू बागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. डोंगराळ भागात बागांना लागून वस्त्या, विहिरी आणि ओढे होते. तेथील कुटुंबांतील गंभीर आजार आणि मुलांमधील अपंगत्व यांवरून दीर्घ लढा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

ड्रोन म्हणजे हेलिकॉप्टर नव्हे. तो पिकाच्या दीड-दोन मीटर वरून उडतो आणि टाकी दहा लिटरची असते. तरीही कासरगोडची एक गोष्ट येथे लागू पडते : वरून सोडलेले औषध शेताची हद्द ओळखत नाही, आणि त्याचा त्रास फवारणीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला होऊ शकतो.

टाकीतले द्रावण वीसपट तीव्र असते

ही बाब बहुतेक शेतकऱ्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून ती आकड्यांनी पाहू. सोयाबीनवरील अळ्यांसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी हे औषध हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६० मिली वापरले जाते. साध्या पंपाने एकरी २०० लिटर पाणी धरले तर एका लिटरमध्ये ०.३ मिली औषध येते. ड्रोनला एकरी दहा लिटर पाणी लागते. औषध तेवढेच, ६० मिली. म्हणजे एका लिटरमध्ये ६ मिली. एकरावर पडणारी मात्रा सारखीच, पण टाकीतील द्रावण वीसपट तीव्र.

याचा अर्थ असा की पंपाचे द्रावण हातावर सांडणे आणि ड्रोनचे द्रावण हातावर सांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकी भरताना उडालेला शिंतोडा, गळकी नळी, ओव्हरफ्लो झालेली टाकी किंवा ड्रोन पडून फुटलेली टाकी, या प्रत्येक वेळी अंगावर येते ते हे तीव्र द्रावण. दिवसाला वीस-पंचवीस एकर फवारणी करणाऱ्या ड्रोनचा मदतनीस तितक्याच वेळा टाकी भरतो. पायलट रिमोट घेऊन बांधावर लांब उभा असतो, मदतनीस बादलीजवळ असतो. म्हणून हातमोजे, चष्मा, एप्रन आणि मास्क यांची पहिली गरज मदतनिसाला आहे. प्रत्यक्षात उलटे दिसते : पायलटला गणवेश आणि टोपी असते, औषध कालवायला शेतमालकाचा सालगडी उघड्या हाताने बसवलेला असतो. शेतमालकाने हे स्वतः थांबवावे.

हातमोजे नायट्राइल रबराचे असावेत. कापडी मोजे औषध शोषून घेतात आणि हाताला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा ते नसलेले बरे. औषध वाऱ्याकडे पाठ करून, उघड्यावर, विहीर व पाणवठ्यापासून दूर कालवावे. आधी वेगळ्या बादलीत थोड्या पाण्यात एकजीव करून, गाळून मगच टाकीत ओतावे. नोझल तुंबले तर ते तोंडाने फुंकून साफ करू नये. ही जुनी सवय आहे, ड्रोनच्या बाबतीत ती जीवघेणी ठरू शकते. मऊ ब्रश आणि एक जादा नोझल संच जवळ ठेवला की हा प्रश्न येत नाही.

दोन-तीन औषधे, वर विद्राव्य खत आणि टॉनिक असे मिश्रण दहा लिटरमध्ये घालण्याचा आग्रह शेतकऱ्याकडून होतो. दोनशे लिटर पाण्यात जे मिसळते ते दहा लिटरमध्ये मिसळेलच असे नाही. कमी पाण्यात भुकटी आणि तेलकट औषधे फाटतात, गाळ बसतो, नोझल तुंबते. काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडे मिश्रण करून अर्धा तास ठेवावे. गुठळ्या झाल्या, थर सुटले किंवा बरणी गरम लागली तर ते मिश्रण टाकीत घालू नये. शिवाय तीव्र द्रावणामुळे ड्रोन जेथे वळतो किंवा थांबतो तेथे पिकावर दुबार मारा होऊन पाने करपतात. बांधालगतच्या ओळी करपलेल्या दिसल्या तर बहुधा कारण हेच असते, औषध खराब असल्याचे नाही.

वारा आणि बांधापलीकडचे शेत

थेंब किती वाहून जाईल हे त्याच्या आकारावर ठरते. दहा फूट उंचीवरून सोडलेला १०० मायक्रॉनचा थेंब जमिनीवर यायला सुमारे १० सेकंद घेतो. तेवढ्या वेळात ताशी ५ किलोमीटरचा मंद वारा त्याला ४० ते ४५ फूट लांब नेतो. वारा दुप्पट झाला तर अंतरही दुप्पट. थेंब २० मायक्रॉनचा असेल तर त्याला चार मिनिटे लागतात आणि तो हजार फुटांपलीकडे जाऊ शकतो. आपल्याकडे वाटण्या होऊन शंभर फूट रुंदीच्या पट्ट्या झाल्या आहेत. अशा पट्टीत ४५ फूट म्हणजे जवळपास अर्धे शेत. मोठ्या सलग क्षेत्रावर जी हद्द सोडली तरी चालते, ती येथे सोडायला जागाच नसते.

ड्रोनच्या पात्यांचा वारा थेंबांना खाली दाबतो, त्यामुळे भरकटणे कमी होते, हे खरे आहे. पण ते ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून दीड ते अडीच मीटर उंचीवर आणि ठरलेल्या वेगाने उडत असेल तरच. एकर लवकर उरकण्यासाठी उंची आणि वेग वाढवला की खालचा दाब जातो आणि बारीक थेंब मागे धुरासारखे तरंगत राहतात. बांधावर उभे राहून हे डोळ्यांनी दिसते. ड्रोन पुढे गेल्यावरही मागे पांढुरका पट्टा हवेत रेंगाळत असेल तर उडान थांबवायला सांगावे.

वाऱ्याचा वेग ताशी १० किलोमीटरपेक्षा जास्त, तापमान ३५ अंशांच्या वर किंवा आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असेल तेव्हा ड्रोन फवारणी टाळावी. उष्ण, कोरड्या हवेत थेंबातील पाणी उडून तो आणखी बारीक होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मराठवाड्यात पश्चिमेकडून येणारा वारा दुपारी जोर धरतो, म्हणून सकाळची वेळ बरी. मात्र अगदी पहाटेची किंवा तिन्हीसांजेची पूर्ण निवांत हवा सुरक्षित समजू नये. अशा वेळी जमिनीजवळ थंड हवेचा थर साचतो आणि बारीक थेंब खाली न बसता आडवे पसरत जातात. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. बांधावर थोडा धूर करावा. धूर वर चढून विरत असेल तर फवारणी करावी. तो कमरेएवढ्या उंचीवर पट्ट्यासारखा पसरत असेल तर उन्हे वर येईपर्यंत थांबावे.

तुती असेल तर विशेष जपावे

परभणी जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत तुती लावून रेशीम कीटक पाळणारे शेतकरी वाढले आहेत. या शेतकऱ्यांसाठी शेजारचा ड्रोन हा सर्वांत मोठा धोका आहे. रेशीम कीटक ही अळीच आहे. सोयाबीनवरील अळी मारणारे औषध तिलाही मारते. क्लोरँट्रानिलिप्रोल माणसाला आणि मधमाशीला तुलनेने कमी विषारी म्हणून ओळखले जाते, पण रेशीम अळीला ते अत्यंत विषारी आहे. तुतीच्या पानावर अगदी अल्प अंश गेला तरी अळ्या खाणे सोडतात, आखडतात, कोष करत नाहीत. थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांचेही तसेच. एका बॅचचे अंडीपुंज, महिनाभराची मजुरी आणि पाला, सगळे एका सकाळी जाते. शेजाऱ्यांची भांडणे पोलीस ठाण्यापर्यंत जातात ती अशाच कारणांवरून.

सोयाबीनवाल्याने तुतीच्या बाजूने वारा वाहत असताना ड्रोन उडवू नये. तुतीलगतच्या काही ओळी ड्रोनसाठी सोडून द्याव्यात आणि त्या पाठीवरच्या पंपाने, नोझल खाली धरून, वारा पडल्यावर माराव्यात. थोडा जास्त खर्च होतो, पण एका बॅचच्या नुकसानीपुढे तो काहीच नाही. रेशीम शेतकऱ्यानेही आपल्या बाजूने तुतीच्या चारही कोपऱ्यांवर उंच झेंडे लावावेत. पायलटला वरून आणि लांबून तुती आणि तूर यांतला फरक पटकन कळत नाही. शेजारी फवारणी झाल्याचा संशय असेल तर तो पाला सगळ्या अळ्यांना लगेच देऊ नये. वीस-पंचवीस अळ्या वेगळ्या करून त्यांना तो खाऊ घालावा आणि एक दिवस पाहावे.

तणनाशकाबाबत आमचे मत स्पष्ट आहे : कपाशीच्या परिसरात २,४-डी ड्रोनने मारू नये. ऊस, ज्वारी किंवा गव्हासाठी हे तणनाशक वापरले जाते आणि कपाशी त्याला फार संवेदनशील आहे. भरकटलेल्या अत्यल्प अंशानेही कपाशीची नवी पाने बोटांसारखी लांबट, आकसलेली येतात, पात्या गळतात. पाने अशी दिसली की शेतकरी विषाणू रोग समजून औषधे मारत बसतो. शेजारी आठ-दहा दिवसांपूर्वी तणनाशक मारले होते का, हे आधी विचारावे.

शेततळ्यात मासे असतील तर पायरेथ्रॉइड गटातील औषधे, उदाहरणार्थ सायपरमेथ्रिन किंवा लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, त्या दिशेला जाऊ देऊ नयेत. मधमाश्यांच्या पेट्या असतील तर पेटीमालकाला आदल्या दिवशी कळवावे आणि पीक फुलोऱ्यात असताना फवारणी शक्यतो टाळावी, अगदी गरज असेल तर संध्याकाळी करावी.

तारा, झाडे आणि घरी परतणारा ड्रोन

यंत्राच्या अपघातांत तारेला धडक हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. जपानमध्ये भातावर बिनपायलट हेलिकॉप्टरने आणि आता ड्रोनने फवारणीचा अनुभव तीसहून अधिक वर्षांचा आहे. तेथेही अपघातांच्या नोंदींत वीजतारांचा क्रमांक वर असतो. आपल्या शेतात तर विहिरी-बोअरच्या मोटारींसाठी तारांचे जाळे आहे. डीपीपासून निघालेल्या तारा कोठे झोळ पडून खाली आलेल्या असतात, कोठे खांबाऐवजी बाभळीच्या फांदीचा आधार घेतलेला असतो. खांबाला दिलेली ताण-तार तर पिकातून वर आलेली असते आणि दहा पावलांवरूनही दिसत नाही.

तार शोधू नये, खांब शोधावेत. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असे धरूनच चालावे. उडानापूर्वी पायलटने शेतमालकासोबत शेताला एक फेरी मारावी आणि खांब, ताण-तारा, झाडे, विहिरीवरचे पत्र्याचे छत यांची खूण नकाशावर करून घ्यावी. ही पाच-दहा मिनिटे पायलट देत नसेल तर त्याला परत पाठवणे चांगले.

पिंगळी हे परभणी–पूर्णा रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. रुळालगत ज्यांची शेती आहे त्यांनी अधिक अंतर सोडावे. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गावरील तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. तेथे ड्रोन अडकला तर ड्रोन जातोच, रेल्वे वाहतूकही थांबते आणि गुन्हा दाखल होऊ शकतो. रुळाच्या बाजूच्या ओळी पंपानेच माराव्यात.

ड्रोन तारेवर लटकला तर बांबूने, काठीने किंवा दोरीने ओढू नये. ओला बांबू वीज वाहतो, आणि लटकलेल्या ड्रोनमधून गळणारे द्रावणही. सगळ्यांना लांब करावे, महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री त्यांच्या कर्मचाऱ्याकडून झाल्यावरच पुढे जावे. लाखोंचे यंत्र वर लटकलेले पाहून पायलटला धीर धरवत नाही हे समजू शकते. तरीही त्याला हात धरून थांबवावे.

आणखी एक बाब पायलटच्या परीक्षेत असते पण शेतात विसरली जाते. बॅटरी संपत आली किंवा रिमोटचा संपर्क तुटला की ड्रोन आपोआप निघाल्या जागी परततो. परतताना तो आधी ठरवलेल्या उंचीवर जातो आणि सरळ रेषेत येतो. ती उंची आधीच्या गावात दहा मीटर ठेवलेली असेल आणि या शेतात मधे पंधरा मीटरचे लिंबाचे झाड असेल, तर ड्रोन त्या झाडात जाणार. म्हणून प्रत्येक नव्या शेतात परतीची उंची सर्वांत उंच झाडापेक्षा आणि तारेपेक्षा जास्त आहे का, हे पायलटला विचारावे. प्रश्न ऐकून तो गोंधळला तर काय समजायचे ते समजावे.

लोखंडी पत्र्याचा आखाडा, ट्रॅक्टर, डीपी यांच्याजवळून उडान सुरू करू नये. ड्रोनचा होकायंत्र भरकटतो आणि ड्रोन वर जाताच गोल फिरू लागतो.

पाती आणि बॅटरी

ड्रोनची पाती कठीण कार्बन फायबरची असतात. ती फिरत असताना हात गेला तर बोटे तुटतात. ड्रोन उतरल्यावर पाती पूर्ण थांबून पायलटने मोटारी बंद केल्याचे तोंडाने सांगितल्याशिवाय मदतनिसाने टाकी भरायला जाऊ नये. गावात ड्रोन आला की मुलांचा घोळका जमतोच. त्यांना ओरडून उपयोग नसतो. एका माणसाला तेवढेच काम द्यावे. उडान सुरू असताना पायलट व मदतनीस सोडून कोणीही शेतात नसावे, शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या बायकाही वाऱ्याच्या दिशेला नसाव्यात. पायलटने स्वतः वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे आणि ड्रोनकडे पाहत सरीतून उलटे चालू नये. दूरच्या बांधावर खुणा करणारा दुसरा माणूस असला की हे चालणे लागतच नाही.

लिथियम पॉलिमर बॅटरी फुगलेली, दबलेली किंवा पडलेली असेल तर ती वापरू नये. उडानानंतर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. चार्जिंग कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा औषधांच्या खोलीत करू नये. ते सावलीत, मोकळ्या जागी, माणूस समोर असताना करावे आणि शेजारी कोरड्या वाळूच्या दोन बादल्या ठेवाव्यात. पडलेल्या ड्रोनची बॅटरी काही वेळाने पेट घेऊ शकते, म्हणून ती काढून मोकळ्या जागी ठेवावी, गाडीच्या डिक्कीत टाकू नये.

कायदा काय सांगतो

ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले. त्यानुसार फवारणीच्या ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक हवा आणि उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवे. पायलटचे वय १८ ते ६५ असावे व तो दहावी उत्तीर्ण असावा. तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. शेजाऱ्याचे किंवा वाटसरूचे नुकसान झाले तर हाच विमा उपयोगी पडतो, म्हणून त्याची प्रत पाहावी. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, मात्र डिजिटल स्कायचा नकाशा त्या दिवशी पाहावा. सभा, यात्रा किंवा मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. अपघात झाल्यास पायलटने ४८ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला डिजिटल स्कायवरून कळवणे बंधनकारक आहे.

औषधांची बाजू त्याहून जुनी आहे. कीटकनाशक नियम १९७१ मधील नियम ४३ हवाई फवारणीसाठीच आहे. क्षेत्राची आखणी करणे, हात-अंग धुण्याची व प्रथमोपचाराची सोय करणे, किमान २४ तास आधी सक्षम अधिकाऱ्यामार्फत लोकांना सूचना देणे आणि ठरावीक काळ माणसे-जनावरे क्षेत्रात जाऊ न देणे, अशा अटी त्यात आहेत. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची प्रमाणित कार्यपद्धती जाहीर केली. एप्रिल २०२२ मध्ये ४७७ कीडनाशकांना ड्रोनने वापरण्यास दोन वर्षांची अंतरिम मान्यता मिळाली. ही यादी बदलत असते, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावर न जाता लेबल आणि तालुका कृषी कार्यालयातील ताजी यादी पाहावी. लाल त्रिकोणाची औषधे ड्रोनच्या तीव्र द्रावणात वापरू नयेत, असा आमचा सल्ला आहे.

चोवीस तास आधीच्या सूचनेचा नियम गावात फारसा कोणी पाळत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर गट क्रमांक, औषधाचे नाव आणि वेळ लिहिली आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तरी बरेच काम होते. कृषी सहायकांनी हंगामाच्या सुरुवातीला गावातील तुती, मधमाश्यांच्या पेट्या, मत्स्यतळी यांची गट क्रमांकासह यादी करून ठेवावी व येणाऱ्या प्रत्येक ड्रोनवाल्याला द्यावी. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांतील महिला पायलट होत आहेत. त्या बहुधा त्याच परिसरातल्या असल्याने त्यांना अशी यादी वापरणे सोपे जाते, आणि शेजाऱ्यांचे ऐकणेही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात डिजिटल शेती प्रकल्पापासून ड्रोनवर काम सुरू आहे. पिकानुसार उंची, वेग व पाण्याचे प्रमाण याबाबत शंका असल्यास विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारावे.

विषबाधा किंवा नुकसान झाल्यास

अंगावर द्रावण सांडले तर कपडे ताबडतोब काढावेत आणि साबणाने भरपूर पाण्यात धुवावे. डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा उघडा धरून धुवावा. पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. दूध, तूप, ताक पाजू नये. तेलकट औषध उलटीसोबत फुप्फुसात गेले तर जास्त घातक ठरते. लाळ गळणे, दरदरून घाम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, स्नायू उडणे, श्वास लागणे ही सेंद्रिय फॉस्फेट विषबाधेची लक्षणे आहेत आणि त्यावर रुग्णालयात ॲट्रोपिनचे उपचार होतात. सगळ्या औषधांवर उतारा नसतो, त्यामुळे डॉक्टरांना नेमके नाव कळणे महत्त्वाचे. रुग्णासोबत औषधाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो न्यावा. १०८ ला फोन करावा. एम्सच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असून डॉक्टरही तेथे सल्ला घेऊ शकतात.

शेजाऱ्याच्या पिकाचे किंवा रेशीम बॅचचे नुकसान झाले असेल तर भांडणाआधी पुरावा गोळा करावा. त्याच दिवशी तारखेसह फोटो काढावेत, बाधित पाने व मेलेल्या अळ्या कागदी पिशवीत ठेवाव्यात, वाऱ्याची दिशा आणि वेळ लिहून ठेवावी आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्यावा. ड्रोनमध्ये त्या दिवसाच्या उडानाची नोंद असते : कोठून, किती उंचीवरून, किती वेगाने आणि किती वाजता. ती नोंद पायलटकडून मागून घ्यावी. फवारणी करून घेणाऱ्या शेतकऱ्यानेही पैसे देताना तिची एक प्रत स्वतःकडे घेऊन ठेवावी. नंतर कोणी तक्रार केली तर त्याच्या बाजूने बोलणारा तोच एक कागद असतो.